वय झालं म्हणून नव्हे, टीबी म्हणून

ताटातली भाकरी उरायला लागते, सदरा खांद्यावरून ओघळतो, संध्याकाळी अंगात कसर राहते. घरात सगळे म्हणतात, वय झालं. याच समजुतीपायी उतारवयातला टीबी महिनोन्‌महिने लपून राहतो, आणि याचं फार वाईट वाटतं, कारण हा आजार बरा होतो.

आज पंचाहत्तरीत असलेली माणसं जन्मली तेव्हा स्ट्रेप्टोमायसीन हे टीबीवरचं पहिलं गुणकारी औषध नुकतंच आलं होतं आणि क्षय गावोगावी होता. तेव्हा श्वासातून आत गेलेल्या जंतूंना फुप्फुसातल्या पांढऱ्या पेशी वेढा घालून बसतात. जंतू मरतातच असं नाही. काहींच्या शरीरात ते पन्नास-साठ वर्षंही निपचित राहतात. पुढे वय, मधुमेह, कुपोषण किंवा स्टेरॉइडमुळे वेढा ढिला पडला की ते वाढू लागतात. अर्थात, म्हातारपणी नव्याने लागणही होऊ शकते.

या वयात थुंकीतून रक्त पडेलच असं नाही, तापही फारसा चढत नाही. एक्स-रेतला डाग कधी फुप्फुसाच्या वरच्या भागाऐवजी खाली दिसतो आणि न्यूमोनिया समजला जातो. खोकल्याचं खापर बिडीवर फुटतं. हातावर सुई टोचून केलेली चाचणीही थकलेल्या प्रतिकारशक्तीमुळे निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून बेडका तपासणं महत्त्वाचं. पण खोकण्याची ताकद नसल्याने डबीत बऱ्याचदा नुसती लाळच जाते! सकाळी चूळ भरून, दोन-तीन खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून काढलेला बेडका हवा. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत निदान करतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का, हेही सांगतं.

साध्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा, सरकारी दवाखान्यात मोफत. मात्र म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांची पिशवी आधीच भरलेली असते. रिफाम्पिसिनमुळे लघवी केशरी होते, त्याला घाबरू नये. लक्ष दुसरीकडे ठेवावं: ते यकृताला इतर औषधं भराभर मोडायला लावतं. मधुमेहाच्या काही गोळ्या, रक्तदाबाची अम्लोडिपिन, रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, सगळ्यांचा जोर कमी होतो. साखर अचानक वाढते ती कधीकधी यामुळे. इथॅम्ब्युटॉल या टीबीच्याच दुसऱ्या औषधाने नजर अंधुक झाली, तर मोतीबिंदू म्हणून सोडून देऊ नये. भूक मेली, उलट्या झाल्या, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

कोर्स संपल्यावर रिफाम्पिसिनचा हा परिणाम साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. मधल्या काळात वाढवलेला वॉरफरिनचा डोस तसाच चालू राहिला, तर रक्तस्राव होऊ शकतो. टीबीची शेवटची गोळी कधी संपते आहे, हे बाकीची औषधं देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं.