सावलीत कोणती ब्राह्मी लावायची?

पुण्यातल्या आमच्या इमारतीच्या उत्तर बाजूला, आंबा आणि कुंपणाची भिंत यांच्या मधे, एक अरुंद पट्टा आहे. तिथे दोनदा लॉन लावून झालं आणि दोन्ही वेळा ते विरळ होत संपलं. मग ओळखीतल्या एकांनी सुचवलं की ब्राह्मी लावा, बारा महिने हिरवी राहते आणि माती झाकून टाकते. सल्ला चांगला होता. रोपवाटिकेतून 'ब्राह्मी' सांगून वीस रोपं आणली. तीन महिन्यांत त्यांनी लांबलचक, लुळ्या काड्या काढल्या. पानं तुरळक, माती उघडीच. आणि शेजारच्या काकूंच्या नळाखाली मात्र 'ब्राह्मी'चाच दाट गालिचा पसरला होता. तिची पानं वेगळीच होती.

कारण ब्राह्मी हे नाव आपल्याकडे दोन वनस्पतींना चिकटलेलं आहे. एक बाकोपा मोनिएरी, जिला काहीजण जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. दुसरी सेंटेला एशियाटिका, म्हणजे मंडूकपर्णी. मराठीत तिला कारिवणा असंही नाव आहे. वैद्यकात आज ब्राह्मी म्हणजे बाकोपा असंच धरतात, आणि सुश्रुतसंहितेतही मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे दिले आहेत. बंगालीत हा घोळ होत नाही: मंडूकपर्णी म्हणजे थानकुनी, आणि बाकोपा म्हणजे ब्राह्मी शाक. आपल्याकडे दोन्ही बुद्धिवर्धक मानल्या गेल्या, दोन्ही ओलाव्यात जमिनीलगत पसरतात, आणि बाजारात एकाच नावाखाली आल्या.

नातं म्हणाल तर दोघींचं काहीच नाही. मंडूकपर्णी कोथिंबीर-गाजराच्या कुळातली, तर बाकोपा इसबगोलाच्या. ओळखायला पान पुरे. मंडूकपर्णीचं पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बारीक कंगोरे असलेलं, आणि लांब देठावर एकेकटं उभं असतं. देठ जिथे जोडलेला असतो तिथे पानाला खोल खाच असते. फुलं इतकी बारीक आणि मातीलगत की पानं बाजूला सारल्याशिवाय दिसत नाहीत. बाकोपाचं पान जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचं, जाडसर, रसाळ, लहान चमच्यासारखं. ती पानं खोडावर समोरासमोर जोडीने येतात, आणि पांढरी किंवा फिकट जांभळट फुलं चटकन नजरेत भरतात. पान चावून पाहिलं तर बाकोपा चांगलीच कडू लागते.

इथे एक तिसरी पाहुणीही घुसते. हायड्रोकोटाइल नावाचं चकचकीत गोल पानांचं रोपही काही ठिकाणी ब्राह्मी म्हणून विकलं जातं. त्याच्या नेहमी विकल्या जाणाऱ्या जातींमध्ये देठ पानाच्या मधोमध, छत्रीच्या दांड्यासारखा असतो. खाच नाही म्हणजे मंडूकपर्णी नाही.

आता सावलीचं. बाकोपा मुळात पाणथळ जागेची, तळ्याच्या काठाची वनस्पती. पाण्यात बुडूनही ती जगते, म्हणून मत्स्यटाकीतही लावतात. पण दाट वाढायला तिला ऊन हवं. सावलीत तिची दोन पेरांमधली कांडी लांबतात आणि ती माझ्याकडच्यासारखी विरळ होते. मंडूकपर्णीचं उलट आहे. सावलीत तिचे देठ उंच होतात, पानं रुंद होतात, आणि शेजारशेजारची पानं मिळून जमीन झाकतात. कडक उन्हात तिची पानं लहान आणि राठ राहतात. तिची धावती खोडं पेरापेराला मुळं धरतात, त्यामुळे एका रोपाचा पसारा स्वतःच वाढतो.

उत्तरेकडची जागा म्हणजे कायमची सावली, असं मात्र समजू नका. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. वर्षभर सावलीत राहिलेल्या पट्ट्यावर नेमकं मेच्या शेवटच्या आठवड्यांत, पाऊस यायच्या आधी, ऊन येतं. पहिल्या वर्षी तेवढ्यात माझी अर्धी मंडूकपर्णी पिवळी पडली. तेव्हापासून त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाणी देते आणि आंब्याचा वाळका पाला रोपांच्या मधे पातळ पसरते. वरची पानं गेली तरी मुळं ओली राहिली की पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते.

लावायची वेळ जूनचा उत्तरार्ध. मुळं धरलेली पेरं पंधरा-पंधरा सेंटिमीटरवर, शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत. माती सतत ओलसर हवी, पण पाणी साचायला नको. माझा पट्टा दिवाळीपर्यंत भरला. पावसाळ्यात गोगलगायी कोवळी पानं खातात. मी रात्री टॉर्च घेऊन वेचते, दुसरा सोपा उपाय मला सापडला नाही. आणि हे लॉन नाही, त्यावर रोजची ये-जा सोसत नाही. जाण्यायेण्यासाठी मी मधे चार फरश्या टाकल्या.

पानांची चटणी करायची असेल तर आणखी एक सांगायलाच हवं. या दोन्ही वनस्पती मातीतले आणि पाण्यातले जड धातू शोषून घेतात, बाकोपा तर विशेष. नाल्याकाठची, सांडपाण्यावर वाढलेली ब्राह्मी कितीही टवटवीत दिसली तरी ताटात नको. औषध म्हणून रोज घ्यायची असेल तर वैद्यांना विचारा, आणि विचारताना पान दाखवा, नाव सांगून भागत नाही.

ती पहिली वीस रोपं मी टाकली नाहीत. भोक नसलेल्या एका जुन्या टबात तळाशी माती, वर दोन बोटं पाणी, आणि टब दक्षिणेच्या गच्चीत. तिथे आता बाकोपा काठावरून खाली लोंबते आहे.