शेपटीला ड्रॅगन असलेला धनुर्धर

हिजरी ५९९, म्हणजे इ.स. १२०२-०३. आजच्या आग्नेय तुर्कस्तानातल्या मार्दीनवर तेव्हा अर्तुक घराण्याचं राज्य होतं. त्या वर्षी नासिरुद्दीन अर्तुक अर्सलान या राजानं तांब्याचं एक नाणं पाडलं. त्यावर कमरेखाली घोडा, वर माणूस असा धनुर्धर आहे. तो मागे वळून बाण सोडतोय आपल्याच शेपटीवर, कारण शेपटीच्या टोकाला ड्रॅगनचं जबडा वासलेलं तोंड आहे.

धनुर्धर म्हणजे धनू रास. आणि ड्रॅगन? चंद्राची कक्षा सूर्याच्या भासमान मार्गाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. हे दोन मार्ग जिथे छेदतात त्या दोन बिंदूंजवळ अमावास्या किंवा पौर्णिमा आली, तरच ग्रहण होतं. आपण त्यांना राहू-केतू म्हणतो. अरबी ज्योतिषात ते एका आकाशस्थ ड्रॅगनचं डोकं आणि शेपूट. डोकं मिथुनेत उच्चीचं, शेपूट धनूत. कारागिरानं हा सगळा हिशेब शब्दश: धनुर्धराच्या शेपटीला जोडून टाकला! चित्र विक्षिप्त वाटतं, पण त्यात चूक काही नाही.

इस्लामी नाण्यांवर सातव्या शतकाच्या अखेरीपासून बहुधा फक्त मजकूर असे. अर्तुकांनी आणि शेजारच्या मोसुलच्या झंगी राजांनी मात्र तांब्यावर बिझंटाइन मुद्रा, ग्रीक धाटणीचे चेहरे, राशी असं काय काय उतरवलं. चांदीची टंचाई असल्यामुळे ही जाडजूड तांब्याची नाणीच दिरहम (एरवी चांदीचं नाणं) म्हणून चालत. नासिरुद्दीनच्या आधीचा राजा युलुक अर्सलान याच्या काही नाण्यांवर तर ‘या दिरहमात खोट काढणारा शापित असो’ अशा अर्थाचा मजकूर आहे. तांब्याला चांदीचं नाव दिलं की कुरकुर होणारच, हे टाकसाळीला ठाऊक असावं.

पाडण्याची रीत साधी होती. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवायचा, त्यावर तांब्याची चकती, वर हातात धरलेला दुसरा ठसा आणि मग हातोडा. ठशात चित्र आणि अक्षरं उलटी, खोलगट कोरलेली असत. दाबाखाली तांबं त्या खोलात सरकून उठाव तयार होई. घाव तिरका पडला की एक कड फिकी उमटे, ठसा उसळला की चित्र दुहेरी दिसे. चकती लहान किंवा सरकलेली असली तर कडेचं चित्र बाहेरच राही. म्हणून धनुर्धराचं अख्खं चित्र जुळवायला अभ्यासक एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी शेजारी मांडतात: एकावर धनुष्य नीट उमटलेलं असतं, दुसऱ्यावर ड्रॅगनचा जबडा.