विद्यार्थ्यांचा व्यायाम ऑनलाइन कसा आला: थोडी पार्श्वभूमी

युनिव्हर्सिटीतल्या पोरांना ऑनलाइन प्रोग्रॅम देऊन व्यायामाला लावायचं हे ऐकायला कालपरवाचं वाटतं, पण मूळ प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. 1861 मध्ये अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजने एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा प्रोफेसर म्हणून घेतलं, कारण अभ्यासाच्या ओझ्याखाली मुलांच्या तब्येती ढासळतायत याची तिथे काळजी होती. उपाय सरळ होता, व्यायाम कंपल्सरी! पुढे कितीतरी कॉलेजांनी तेच केलं आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सक्ती बऱ्याच ठिकाणी सुटत गेली.

व्यायाम आणि हृदयाचा संबंध 1953 मध्ये ठळकपणे पुढे आला. जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरने लंडनच्या डबलडेकर बसमधले ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली, तर दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. पण विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकन संशोधकाचं काम. त्यांनी हार्वर्डच्या जवळपास 17 हजार माजी विद्यार्थ्यांना, सगळे पुरुष, पोस्टाने प्रश्नावली पाठवली, रोज किती जिने चढता, किती चालता, कुठला खेळ खेळता वगैरे, आणि कॉलेजातले त्यांचे जुने रेकॉर्डही तपासले. 1978 मध्ये निष्कर्ष आला की हालचालीत आठवड्याला 2000 कॅलरींपेक्षा कमी खर्च करणाऱ्यांना हार्ट अटॅकचा धोका 64 टक्क्यांनी जास्त. आणि खरी गोष्ट पुढेच आहे, कॉलेजच्या टीममध्ये खेळलेले पण नंतर सगळं सोडून बसलेले जे होते त्यांना जुन्या खेळाचा काही फायदा उरला नव्हता, ज्यांनी हालचाल चालू ठेवली तेच फायद्यात राहिले. म्हणजे कॉलेजात पळवलं एवढ्याने भागत नाही, डिग्रीनंतर टिकलं पाहिजे.

मग सवय टिकवायची कशी, इथे सायकॉलॉजीवाले आले. बँड्युरा यांची 'मला हे जमेल' या विश्वासाबद्दलची 1977 ची थिअरी, प्रोचास्का आणि डीक्लेमेंटे यांचं 1983 चं सवय बदलण्याच्या टप्प्यांचं मॉडेल, आजच्या बऱ्याच ॲपमधले गोल आणि रिमाइंडर याच पायावर उभे आहेत. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या सॅन दिएगोत प्रोजेक्ट ग्रॅड नावाचा प्रयोग झाला, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी व्यायाम कसा चालू ठेवायचा याचा अख्खा कोर्स आणि वर कोर्स संपल्यावर फोन आणि पत्रं. सुरुवातीला मुलींमध्ये थोडा फरक दिसला, दोन वर्षांनी पाहिलं तर पहिले पाढे पंचावन्न. तरी मला या लोकांचं खरंच कौतुक वाटतं कारण दोन वर्षं थांबून मोजायची तयारी फार कमी जण दाखवतात.

इंटरनेट आल्यावर वाटलं की फोन-पत्रांचा खर्च वाचेल, एकाच वेळी हजारो मुलांपर्यंत पोचता येईल, आणि पोचता आलंही. पण नव्याचे नऊ दिवस! लोक साइन अप करतात आणि मग लॉगिनच करत नाहीत, हे इतकं सर्रास होतं की 2005 मध्ये गुंथर आयझेनबाख या संशोधकाने या गळतीवरच स्वतंत्र लेख लिहिला. 2012 चा एक प्रयोग तर फेसबुक ग्रुपवर होता, 134 विद्यार्थिनी होत्या आणि ग्रुपमधल्या आणि बाहेरच्या मुलींच्या व्यायामात म्हणावा असा फरक आढळलाच नाही.

2016 मध्ये पेनसिल्वेनिया युनिव्हर्सिटीचा रिझल्ट आला तो यापेक्षा बोलका. पदवीनंतरचं शिक्षण घेणारे 790 विद्यार्थी, 11 आठवडे, सगळ्यांना व्यायामाचे क्लास उपलब्ध पण ऑनलाइन मांडणी वेगवेगळी, कुणाला एकमेकांना प्रोत्साहन द्यायला टीम आणि चॅट, कुणाला लीडरबोर्डवर, म्हणजे कोण किती पुढे या यादीत, इतरांशी तुलना, आणि एका गटाला यातलं काहीच नाही. लीडरबोर्डवाले बाकीच्यांपेक्षा क्लासला जवळजवळ 90 टक्के जास्त आले, आणि नुसतं प्रोत्साहन मिळालेली टीम काहीच न मिळालेल्या गटापेक्षाही मागे पडली. संशोधकांचं म्हणणं असं की लीडरबोर्डवर नजर सगळ्यात ॲक्टिव्ह लोकांकडे जाते आणि सपोर्टच्या ग्रुपमध्ये थंडावलेल्यांकडे, मग सगळेच थंडावतात. अर्थात हे 11 आठवड्यांतलं, डिग्रीनंतरही टिकेल का हा पॅफेनबार्गर यांच्या कामातून आलेला प्रश्न याने सुटत नाही.

2020 मध्ये कोविडमुळे जिम आणि मैदानं बंद पडली आणि ऑनलाइन हाच मुख्य मार्ग झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने नवीन गाइडलाइन्स काढल्या, मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, आणि सलग 10 मिनिटं झाली तरच धरायची ही 2010 ची अट काढून टाकली. त्यामुळे दोन लेक्चरच्या मधले जिने आणि चार मिनिटांचं झपाझप चालणंही आता प्रोग्रॅममध्ये हिशोबात धरता येतं.