सक्शनचे कप: पट्ट्याची बदली ते ‘व्हॅक्यूम थेरपी’

आयएफटी म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी, दुखणं कमी करायला कातडीवर चार इलेक्ट्रोड (करंट सोडणारे पॅड) लावून दोन करंट द्यायचा फिजिओथेरपीतला उपचार. ४००० आणि ४१०० हर्ट्झचे ते दोन करंट आत एकमेकांना छेदले की मध्ये फरकाइतकी, १०० हर्ट्झची लय (बीट) मिळते, एवढं इथे पुरे. मुद्दा त्या मशीनच्या खालच्या कप्प्यात जो दुसरा डबा असतो त्याचा आहे, इलेक्ट्रोड पट्ट्याऐवजी कपाने चिकटवायला घूंऽऽ करत हवा ओढणारा, ज्याला डिपार्टमेंटमध्ये सगळे नुसतं सक्शन म्हणतात आणि बिलावर येईपर्यंत ज्याची ‘व्हॅक्यूम थेरपी’ झालेली असते.

हे दोन करंट छेदायचं डोकं १९५० च्या दशकात ऑस्ट्रियात चाललं. कमी फ्रिक्वेन्सीचा करंट कातडीवरच इतका टोचायचा की खोलवर पोचेल एवढा वाढवूच देत नसत लोक. पुस्तकातलं नेहमीचं गणित असं की ५० हर्ट्झला कातडीचा अडथळा ३२०० ओहम धरला तर ४००० हर्ट्झला तो ४० वर येतो. छान, पण त्यासाठी दोनाच्या जागी चार इलेक्ट्रोड आले, तेही फुलीच्या चार टोकांना बरोबर बसले पाहिजेत, नाहीतर छेद भलतीकडेच पडतो. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत फिजिओथेरपी शिकवायला सुरुवात झाली, पण ती पोलिओच्या पोरांसाठी, हे मशीन बऱ्याच नंतर आलं. आणि आलं तेव्हा पेशंटने त्यालाही ‘शेक’च म्हटलं.

आता चार काळे कार्बन रबरचे पॅड, खाली ओला स्पंज, वरून पट्टा. गुडघ्याला ठीक आहे. खांद्याला बांधून बघा, एक पॅड बगलेत जातो, एक मानेकडे सरकतो आणि तुम्ही तिसरा बसवेपर्यंत पहिला सुटलेला असतो. पाठीला तर पट्टा पुरतच नाही, मग पालथं झोपवून वर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, पेशंट खोकला की पिशवी खाली. याच कटकटीवर उपाय म्हणून कप आला. कल्पना नवीन नव्हती, ईसीजीवाले छातीला दाबून चिकटवायचे रबरी फुगे त्याच्या किती आधीपासून वापरत होते. इथे फुग्याच्या जागी पंप, रबरी कपाच्या तळाशी धातूची चकती, तोंडाशी भिजवलेला स्पंज आणि नळी पोकळ, म्हणजे तिच्यातूनच हवा ओढली जाते आणि तिच्यातूनच वायर जाते. स्पंजातलं पाणी पण नळीतून येतं म्हणून मध्ये पाणी साठायची बाटली, ती रोज ओतायची असते. ती कोण ओतणार यावरून होणारी भांडणं हा वेगळा इतिहास आहे.

इथपर्यंत कप म्हणजे पट्ट्याची बदली, दुसरं काही नाही. पण ओढ एकसारखी ठेवली की कपाखाली गोल लाल-जांभळे डाग पडतात, म्हणून ओढ कमी-जास्त होणारा मोड आला, आणि घोळ इथूनच सुरू झाला. कारण कातडी वरखाली होताना पेशंटला बरं वाटतं, ते मसाजसारखं लागतं, मग ब्रोशरवाल्यांनी तेच उचललं: रक्तपुरवठा वाढतो, स्नायू मोकळे होतात, करंट आणि व्हॅक्यूम असा डबल फायदा. कातडी लाल होते हे खरंच आहे, पण ते वरचं रक्त. दोन इंच खालच्या सांध्याला त्याचं काय? फायदा कपाचा की करंटचा हे ठरवायचं तर तोच करंट एका गटाला पॅडने द्या, दुसऱ्याला कपाने, आणि तिसऱ्याला करंट बंद ठेवून नुसता कप लावा. एवढं करण्यापेक्षा नाव बदलणं सोपं होतं. वस्तू इलेक्ट्रोड धरायची, नाव थेरपीचं, रेटकार्डवर ओळ वेगळी. तुंबडी लावता लावता तुंबडी भरायचीही सोय झाली म्हणा.

तुंबडीचं नाव उगाच नाही काढलं. सुश्रुतसंहितेत रक्त काढायला शिंग, जळू आणि अलाबू सांगितलेत, अलाबू म्हणजे भोपळा आणि तुंबडी पण मुळात भोपळाच. त्याचा हेतू रक्त काढायचा. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेचे कप लावायचे ते उलट रक्त त्या जागी ओढून साठवायला. १९९० च्या दशकात सर्जरीच्या वॉर्डात जखमेवर फोम लावून हवा ओढायची पद्धत आली, ते आपलं ‘वॅक’ ड्रेसिंग. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन पोहणाऱ्याच्या खांद्यावरचे जांभळे गोळे टीव्हीवर दिसले आणि मग लोक यायला लागले, ते ऑलिम्पिकवालं करा म्हणून. ब्युटी पार्लरमध्ये पोट कमी करायचं मशीन असतं ते पण व्हॅक्यूमच. हेतू सगळ्यांचा वेगळा, ओढ वेगळी, शब्द एक.

याचा त्रास कसा होतो ते सांगतो. एक काका कंबरेसाठी आले, फाइलवर ‘व्हॅक्यूम थेरपी झालेली’. मी समजलो आयएफटी घेतलीये, स्पंज भिजवायला टाकले, कप काढले. पायजमा वर घेतला तर घोट्याजवळ नुकती भरलेली जखम, म्हणजे ते वॅक होतं, मधुमेहाच्या पायाचं. कातडी कागदासारखी, वर रक्त पातळ करायची गोळी चालू. ज्याला कप लावूच नये असा माणूस आणि मी शब्द बघून निघालो होतो. तेव्हापासून कोणी ‘व्हॅक्यूम’ म्हटलं की आधी विचारतो कशाचं आणि कुठे.

पुढचं थोडक्यात. आयएफटीबद्दलच २०१० मध्ये आधीच्या चाचण्यांचा एकत्र आढावा आला, त्याचं सार असं की दुसऱ्या उपचारांबरोबर दिली तर दुखणं कमी व्हायला मदत होते असं दिसतं, एकटीचं काही सिद्ध होत नाही. २०१६ मध्ये ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीसाठी आयएफटी आणि टेन्स (पॅडनेच पण कमी फ्रिक्वेन्सीचा करंट द्यायची दुसरी पद्धत) दोन्ही देऊ नका असं सरळ लिहिलं. करंटचीच ही गत, तर कपाच्या जास्तीच्या ओळीचं काय बोलणार. त्यात २०२० नंतर एकाचा स्पंज दुसऱ्याला लावायचा या गोष्टीकडे पेशंटसुद्धा बघायला लागले, चिकट जेलचे पॅड तोवर आलेच होते, ते ज्याचे त्याला देता येतात.

तरी पाठीला मी अजून कपच काढतो, कारण पट्ट्यापेक्षा लवकर लागतात. फक्त पाठ केसाळ असेल तर सरळ पॅड. केसांमधून हवा शिरते, एक कप फस्स करून अर्धवट सुटतो, सगळा करंट उरलेल्या ओल्या कडेतून जातो आणि माणूस ओरडतो, अहो शॉक बसला.