इंग्रजी विशेषणवाक्यातला भूतकाळ: घडलेला आणि कल्पिलेला

'आय हायर्ड अ मॅन हू स्पोक फ्रेंच' आणि 'आय वुड हायर अ मॅन हू स्पोक फ्रेंच' या दोन वाक्यांत 'हू स्पोक फ्रेंच' हे विशेषणवाक्य, म्हणजे नामाचे वर्णन करणारे उपवाक्य, अक्षरशः एकच आहे. पहिल्या वाक्यात मात्र एक खराखुरा माणूस आहे, त्याला फ्रेंच येत होते आणि त्याला कामावर घेतले गेले. दुसऱ्या वाक्यात असा कोणी माणूसच नाही. असा कोणी भेटला तर त्याला कामावर घेईन, एवढीच बोलणाऱ्याच्या मनातली कल्पना आहे. तिथल्या 'स्पोक'चा गेलेल्या दिवसांशी काहीही संबंध नाही, कारण असा माणूस उद्या भेटला तर तो उद्याही फ्रेंच बोलत असेल.

क्रियापदाचे रूप भूतकाळाचे आणि अर्थ मात्र भूतकाळाचा नाही, ही गोष्ट मराठी भाषकाला खरे तर परकी नाही. 'पाऊस आला तर आपण थांबू' असे आपण म्हणतो तेव्हा 'आला' हे रूप भूतकाळाचे असते आणि पाऊस अजून यायचाच असतो. अडचण येते ती विशेषणवाक्यापाशी. मराठीत आपण 'फ्रेंच बोलणारा माणूस' असे म्हणून मोकळे होतो आणि 'बोलणारा' या धातुसाधिताला स्वतःचा काळच नसल्यामुळे घडलेले आणि कल्पिलेले यांतली निवड करण्याची वेळच आपल्यावर येत नाही. इंग्रजीत 'हू' आला की त्यामागे काळ दाखवणारे क्रियापद यावेच लागते, आणि तिथे मराठीतून विचार करणारा माणूस 'हू स्पीक्स' किंवा 'हू वुड स्पीक' असे लिहून जातो. 'हू स्पीक्स' चूक म्हणता येत नाही. त्यातून फक्त ती कल्पना वास्तवाच्या अधिक जवळची वाटते. 'हू वुड स्पीक' मात्र इथे खटकते, आणि ते का खटकते हे समजले की या विषयाचा मोठा भाग उलगडतो.

'एनीवन हू डिड धिस वुड बी पनिश्ड' या वाक्यातले विशेषणवाक्य वेगळ्या वेषातली अट आहे. त्याच्या जागी 'इफ एनीवन डिड धिस' ठेवले तरी अर्थ तोच राहतो. इंग्रजीत कल्पित अट भूतकाळी रूप घेते आणि तिचा परिणाम 'वुड' घेतो. विशेषणवाक्य अटीचे काम करत असेल तर तेही हाच नियम पाळते. याउलट विशेषणवाक्य परिणामाच्या जागी असेल, तर 'वुड' त्याच्यातच येतो. 'धिस इज द मेडिसिन दॅट वुड हॅव सेव्ह्ड हिम' या वाक्यात औषध खरे आहे, हाताशी आहे, आणि ते वेळेवर दिले असते तर काय झाले असते हे विशेषणवाक्य सांगते. अट न बोलता राहिली आहे. म्हणून 'विशेषणवाक्यात वुड कधीच येत नाही' असा सोपा नियम पाठ करून भागत नाही. ते वाक्य अट आहे की फळ, हे आधी ठरवावे लागते.

पूर्ण भूतकाळात हा गोंधळ सर्वांत जास्त होतो आणि त्याचे मूळ थेट मराठीत आहे. 'ज्याने ते पाहिले असते, तो घाबरला असता' या वाक्यात संकेतार्थाचे 'असते' आणि 'असता' दोन्ही बाजूंना येतात. अट आणि परिणाम यांचे रूप मराठीत सारखेच असते. इंग्रजी मात्र दोघांना वेगळे ठेवते: 'एनीवन हू हॅड सीन इट वुड हॅव बीन फ्रायटन्ड'. मराठीच्या सवयीने दोन्हीकडे 'वुड हॅव' घातले, तर जे वाक्य तयार होते ते प्रमाण लिखित इंग्रजीत चुकीचे धरले जाते. आता याच्या शेजारी 'एव्हरीवन हू हॅड सीन इट वॉज फ्रायटन्ड' हे वाक्य ठेवावे. 'हू हॅड सीन इट' दोन्हींत तेच आहे, पण दुसऱ्यात ते लोकांनी खरोखर पाहिले होते आणि 'हॅड' फक्त आधीचा काळ दाखवतो. पहिल्यात कोणी काही पाहिलेलेच नाही.

मग वाचकाने ओळखायचे कसे? प्रधान वाक्यातला 'वुड' ही पहिली खूण आहे, पण ती एकटी पुरेशी नाही. 'अ मॅन हू हॅड सीन इट वुड हॅव टोल्ड यू' आणि 'द मॅन हू सॉ इट वुड हॅव टोल्ड यू' या दोन्ही वाक्यांत 'वुड हॅव' आहे. पहिल्यात पाहणारा माणूस कल्पित आहे. दुसऱ्यात एका ठरावीक माणसाने ते खरेच पाहिले. कल्पित आहे ते फक्त त्याचे सांगणे. म्हणजे कल्पना वाक्यात कुठवर पोहोचते हे बहुतेक वेळा नामाच्या आधीचा शब्द ठरवतो: 'अ' आणि 'एनी' तिला विशेषणवाक्याच्या आत येऊ देतात, तर 'द' सहसा नाम वास्तवात रोवून ठेवतो आणि त्यामागचे क्रियापद खऱ्या काळात बोलू लागते. 'आय वुड बाय अ हाउस दॅट स्टूड बाय द रिव्हर' म्हणजे नदीकाठचे कोणतेही घर, जे अजून मिळायचे आहे. 'आय वुड बाय द हाउस दॅट स्टँड्स बाय द रिव्हर' म्हणजे ते समोर दिसणारे घर. मराठी हाच भेद क्रियापदाचे रूप बदलून दाखवते: 'नदीकाठी असेल असे घर' आणि 'नदीकाठी असलेले घर'. स्पॅनिशमध्ये तर क्रियापदाचे वेगळे संभाव्यार्थी (कल्पित गोष्टीसाठीचे) रूपच अशा जागी येते. इंग्रजीत तशी रूपे जवळजवळ उरली नसल्याने सगळा भार एका भूतकाळी रूपावर आणि एवढ्याशा 'अ' किंवा 'द'वर येऊन पडतो. 'इफ आय वर' मधला 'वर'सुद्धा विशेषणवाक्यात सहसा येत नाही. 'आय वुड वाँट अ फ्रेंड हू वॉज ऑनेस्ट' असे 'वॉज'च तिथे सहज वाटते.

डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच काळाच्या रूपांचा काळाशी संबंध नसलेला वापर वेगळा काढून मांडला होता. पुढे भाषाशास्त्रज्ञ सबीना यात्रिदू यांनी २००० मध्ये मांडलेले स्पष्टीकरण मला विशेष पटते. त्यांच्या मते या रूपाचा गाभा 'गेलेला काळ' हा नसून 'इथले नव्हे' असा आहे. काळाला लावला तर तो 'आत्ता नव्हे' होतो आणि वास्तवाला लावला तर 'खरोखरच्या जगात नव्हे' होतो. घडलेला आणि कल्पिलेला भूतकाळ एकाच रूपात का राहतात, याचे उत्तर त्यातून मिळते. एकदा शिरलेली ही कल्पना आतल्या वाक्यांतही झिरपत जाते: 'आय विश आय हॅड अ फ्रेंड हू न्यू अ डॉक्टर हू लिव्ह्ड नियरबाय' या वाक्यातली तिन्ही भूतकाळी रूपे आजच्याविषयीच बोलतात.

काही वाक्ये मात्र सर्व खुणा पाहूनही एकटी सुटत नाहीत. 'एनीवन हू ब्रोक द रूल वुड बी सेंट होम' या वाक्यात 'एनीवन' आहे, 'वुड' आहे, तरी त्याचे दोन अर्थ होतात, कारण 'वुड' जुनी रीतही सांगतो. एका अर्थाने, कोणी नियम मोडलाच तर त्याला घरी पाठवले जाईल. दुसऱ्या अर्थाने, त्या काळी जो नियम मोडी त्याला घरी पाठवले जाई. मराठीत 'जाईल' आणि 'जाई' यांत फरक उघड आहे. इंग्रजी वाचकाला तो शोधण्यासाठी मागची दोन वाक्ये वाचावी लागतात. तिथे 'इन दोज डेज' यासारखे शब्द दिसले, तर 'ब्रोक' खरोखर भूतकाळातला आहे, आणि नियम मोडणारी माणसेही खरीच होती.