क्वार्टरबॅक पळाला की लाइनचं काय होतं?

१७ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ह्यूस्टनच्या मैदानावर लुइव्हिल विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणारा आणि डाव चालवणारा खेळाडू, लमार जॅक्सन एकाच सामन्यात ११ वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकायच्या आत त्याला ११ वेळा खाली पाडलं गेलं. लुइव्हिल तेव्हा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या पाचांत होतं, ह्यूस्टन क्रमवारीच्या बाहेर. निकाल ३६-१० असा ह्यूस्टनच्या बाजूने लागला. त्यानंतर जेमतेम तीन आठवड्यांनी कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, हाइझमन ट्रॉफी, याच जॅक्सनला मिळाला. त्या मोसमात त्याने पासमधून ३,५४३ यार्ड मिळवले, स्वतः पळून १,५७१ यार्ड काढले आणि एकूण ५१ टचडाउन केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपार पोहोचवला. मोसमाच्या शेवटच्या लढतीत एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) त्याला पुन्हा ८ वेळा पाडलं.

मग त्याच्या पुढे उभी असलेली पाच माणसं चांगली होती की वाईट? सॅक मोजले तर वाईट. पळून काढलेले यार्ड मोजले तर उत्तम. दोन्ही आकडे त्याच पाचांच्या नावावर आहेत, आणि चपळ क्वार्टरबॅक असलेल्या जवळपास प्रत्येक संघात हा पेच पडतो.

ओळख थोडक्यात करून घेऊ. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे चेंडूच्या रेषेवर शेजारीशेजारी उभे राहणारे पाच लाइनमन. मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. टॅकल हे नाव असलं तरी त्याचं काम कुणाला पाडण्याचं नाही, अडवण्याचं आहे. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत यातला प्रत्येक जण साधारण १३५ ते १५० किलोचा असतो. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. तिथून पुढे पाचांची कामं दोनच: पळणाऱ्यासाठी वाट काढणं, नाहीतर फेकणाऱ्याला वेळ मिळवून देणं. क्वार्टरबॅक पळणारा असला की पहिलं काम सोपं होतं आणि दुसरं अवघड.

पहिल्या कामातला फायदा निव्वळ अंकगणिताचा आहे. मैदानावर दोन्हीकडे ११ माणसं असतात. एका जागी उभं राहून खेळणारा क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूच्या, हातात देतो आणि त्या क्षणी खेळातून बाद होतो. चेंडू घेतलेला माणूसही कुणाला अडवू शकत नाही. उरले ९, समोर ११. रेषेजवळच्या गर्दीत हा फरक फार जाणवतो: पाच लाइनमन आणि लाइनच्या टोकाला उभा राहणारा एक टाइट एंड मिळून सहा जण अडवायला, तर समोरच्या संघाने तिथे सात माणसं आणून ठेवलेली. सातवा मोकळा राहतो आणि पळणाऱ्याला तोच पाडतो. लाइनने कितीही ताकद लावली तरी सहा माणसांनी सात जण अडवता येत नाहीत.

झोन रीड या डावाने यावर उत्तर काढलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या कॉलेजात रिच रॉड्रिग्ज प्रशिक्षक असताना हा डाव आकाराला आला. त्यातली कल्पना अशी की समोरच्या एका माणसाला अडवायचंच नाही, त्याला नजरेने बांधायचं. पाचही लाइनमन एकाच दिशेला, समजा उजवीकडे, पाऊल टाकतात. डाव्या टोकाच्या टॅकलसमोर समोरच्या बचावफळीच्या टोकाचा खेळाडू, डिफेन्सिव्ह एंड, उभा असतो. टॅकल त्याला हातही न लावता आत, मागच्या फळीतल्या लाइनबॅकरवर जातो. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी टेकवतो पण सोडत नाही, आणि त्याची नजर असते एंडच्या खांद्यांवर. खांदे आत वळले, म्हणजे एंड रनिंग बॅकच्या मागे निघाला, तर चेंडू ओढून घ्यायचा आणि त्याने सोडलेल्या जागेतून पळायचं. खांदे सरळ राहिले, तर चेंडू देऊन टाकायचा. एंड काहीही करो, तो चुकीच्या जागी सापडतो. सातवा माणूस कुणीही न अडवता हिशेबातून गेला.

लाइनसाठी याचा फायदा मोठा आहे. मोकळ्या जागेत ११५ किलोच्या वेगवान एंडला थोपवणं हे टॅकलचं सगळ्यात कठीण काम असतं, आणि ते काम अंगावरून उतरलं. त्याऐवजी तो लाइनबॅकरवर तिरपा जातो, आणि अडवणाऱ्याला कोन मिळाला की निम्मं काम झालेलं असतं. किंवा तो गार्डबरोबर मिळून एकाच बचावपटूला ढकलतो. एका माणसावर दोघांचं मिळून २८० किलो वजन आलं की तो मागे सरकतोच. शिवाय एंड घुटमळतो. त्याच्या ०.४ सेकंदाच्या संभ्रमात सेकंदाला ५ मीटर वेगाने येणारा रनिंग बॅक २ मीटर पुढे निघून गेलेला असतो. हा सगळा फायदा लाइनच्या खात्यावर जमा होतो, आणि तो मिळवून दिलेला असतो क्वार्टरबॅकच्या पायांनी.

पण धमकी खरी असावी लागते. क्वार्टरबॅकचा घोटा दुखावला आणि प्रशिक्षकांनी त्याला चेंडू स्वतःकडे ठेवू नकोस असं सांगितलं, की समोरच्यांच्या ते फार लवकर लक्षात येतं. मग एंड न घुटमळता सरळ आत घुसतो, आणि त्याला अडवायला कुणीच ठेवलेलं नसतं. लाइन तीच, डाव तोच, पण पळणारा आता रेषेच्या मागेच पडू लागतो. समोरच्यांचा ठरलेला तोडही आहे: एंड मुद्दाम आत वळतो, क्वार्टरबॅक चेंडू ओढून बाहेर पळतो, आणि तिथे आतून फिरून आलेला लाइनबॅकर उभा असतो. याला उत्तर लाइननेच द्यायचं असतं. लाइनबॅकर आपल्या जागेवरून बाहेर सरकताना दिसला की आत निघालेल्या टॅकलने मागे न वळता त्याच्या बाहेरच्या खांद्यावर चढायचं. हे ओळखायला सरावातल्या शेकडो पुनरावृत्त्या लागतात.

क्वार्टरबॅक अंगाने भारी असेल तर डाव आणखी सोपा करता येतो. चेंडू त्यानेच घेऊन धावायचं आणि रनिंग बॅकला पुढे अडवायला पाठवायचं. ऑबर्न विद्यापीठाचा कॅम न्यूटन २०१० मध्ये असाच खेळला. साधारण ११३ किलोच्या या क्वार्टरबॅकने त्या मोसमात १,४७३ यार्ड पळून काढले आणि संघ १४ पैकी १४ सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. दुसऱ्या टोकाला आर्मीची लष्करी अकादमी आहे. तिथे समोरच्या दोघादोघांना मोकळं सोडून नजरेने बांधतात. मोठ्या संघांच्या मानाने हलक्या असलेल्या त्यांच्या लाइनला २०२४ चा जो मूर पुरस्कार, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा मान, मिळाला. त्यांचा क्वार्टरबॅक ब्रायसन डेली याने त्या मोसमात पळून ३२ टचडाउन केले. वजन कमी असलेली लाइन या मानापर्यंत पोहोचते, त्यात डावाच्या गणिताचा वाटा मोठा आहे.

आता दुसरं काम, पासचं. इथे भूमितीच लाइनच्या विरोधात जाते.

डावा टॅकल सेंटरपासून साधारण ३ यार्ड बाजूला उभा असतो, एंड त्याच्याही बाहेर, ५ यार्डांवर. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन रेषेच्या ७-८ यार्ड मागे थांबेल असं ठरलेलं असतं. टॅकलचं प्रत्येक पाऊल या एका बिंदूवर बेतलेलं असतं. तो मागे आणि बाहेर सरकत एंडला आतली सरळ वाट बंद करतो, म्हणजे एंडला कमानीसारखा वळसा घ्यावा लागतो. वळशाच्या शेवटी टॅकल त्याला आणखी मागे ढकलून देतो. एंड ९-१० यार्डांवरून क्वार्टरबॅकच्या पाठीमागून निघून जातो, आणि क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे सरकून चेंडू फेकतो. टॅकलने त्याचं काम पूर्ण केलं.

आता याच खेळात क्वार्टरबॅक फक्त ३ यार्ड जास्त मागे सरकला असं धरा. एंडचा वळसा जिथे संपतो, नेमका तिथेच तो उभा आहे. टॅकलने एकही चूक केलेली नाही, तरीही सॅक झाला. क्वार्टरबॅक मागे आणि बाहेर पळाला तर आणखी वाईट, कारण टॅकलने एंडला ढकललं होतं ते मागे आणि बाहेरच. आपल्याच माणसाने शत्रूला त्याच्या वाटेवर आणून सोडल्यासारखं होतं. चपळ क्वार्टरबॅकची ही जुनी खोड आहे. शाळेत तो मागे पळून सगळ्यांना चकवत असतो. कॉलेजात एंडही तितकेच वेगवान असतात, आणि तो वळसा आता महाग पडतो.

शिवाय लाइनमनची पाठ क्वार्टरबॅककडे असते. तो हलला हे लाइनमनला थेट दिसत नाही. समोरच्याची नजर आणि कंबर फिरली की त्याला कळतं. दिसलेल्या गोष्टीला माणूस प्रतिसाद देतो तो साधारण ०.२ ते ०.२५ सेकंदांनी. तेवढ्यात सेकंदाला ५ मीटर वेगाने निघालेला एंड मीटरभर पुढे गेलेला असतो. लाइनमनचा हात मात्र अजून त्याच्या जर्सीवर, खांद्याच्या बाहेर, आणि जर्सी ताणलेली. पंचाचा पिवळा रुमाल पडतो: होल्डिंग, १० यार्डांचा दंड. क्वार्टरबॅक इकडेतिकडे पळू लागला की होल्डिंग वाढतं, त्याचं मुख्य कारण हेच आहे. म्हणून लाइनचे प्रशिक्षक हात छातीच्या रुंदीत, आत ठेवण्यावर एवढा भर देतात: समोरचा वळला तर आतला हात सोडता येतो, बाहेरचा अडकतो. दुसरा दंडही टपलेला असतो. कॉलेजच्या नियमात पास फेकला जाईपर्यंत लाइनमनला रेषेपुढे ३ यार्डांपर्यंतच जाता येतं. क्वार्टरबॅक पळालाच असं समजून लाइनमन पुढे अडवायला धावतो, आणि क्वार्टरबॅक ऐन वेळी थांबून चेंडू फेकतो. मिळालेले यार्ड परत जातात.

याच चपळाईतून लाइनला पासमध्येही थोडा दिलासा मिळतो, हे मात्र विसरू नये. क्वार्टरबॅक निसटू शकतो या धास्तीने समोरचे चौघे बेफाम तुटून पडत नाहीत. कबड्डीत कोपऱ्यातले खेळाडू चढाईपटूची परतीची वाट राखतात तसे ते आपापली वाट धरून, हात पसरून, सावकाश पुढे येतात. कुणी एक तर मागे राहून फक्त त्याच्यावरच नजर ठेवतो. म्हणजे झडप घालायला एक माणूस कमी. लाइनला अर्धा-पाऊण सेकंद जास्त मिळतो. क्वार्टरबॅकने तो वेळ चेंडू फेकायला वापरला तर लाइन भक्कम दिसते, आणखी थांबायला वापरला तर तीच लाइन कोलमडते. साधारण २.५ ते ३ सेकंदांनंतर कुठलीच लाइन खात्रीने टिकत नाही.

आकडेवारी वाचतानाही जपून वाचायला हवं. व्यावसायिक एनएफएलमध्ये सॅकचं नुकसान संघाच्या पासच्या यार्डांतून वजा होतं; कॉलेजमध्ये ते क्वार्टरबॅकच्या धावांतून वजा होतं. समजा क्वार्टरबॅक १० वेळा खरोखर धावला आणि ८० यार्ड मिळाले, म्हणजे सरासरी ८. शिवाय ५ सॅकमध्ये ३५ यार्ड गेले. कागदावर दिसतं: १५ धावा, ४५ यार्ड, सरासरी ३. धावण्याच्या डावांत लाइनने केलेलं सुंदर काम पासमधल्या नुकसानीखाली गाडलं गेलं. जॅक्सनचे १,५७१ यार्ड हे असे सॅक वजा करून उरलेले आहेत, हे लक्षात घेतलं की त्या लाइनबद्दल बोलताना जीभ आवरावीशी वाटते.

चपळ क्वार्टरबॅक असला की सॅक होणारच असंही नाही. ओक्लाहोमा विद्यापीठाचा कायलर मरे २०१८ मध्ये ४,३६१ यार्ड फेकून आणि १,००१ यार्ड पळून हाइझमन जिंकला, आणि त्याच मोसमात त्याच्या लाइनला जो मूर पुरस्कार मिळाला. त्या पाचांपैकी चौघांना २०१९ मध्ये आणि सेंटर क्रीड हम्फ्रीला २०२१ मध्ये एनएफएलच्या संघांनी निवडलं. असे संघ धावणं डावातच लिहून ठेवतात. क्वार्टरबॅक उजवीकडे सरकून फेकणार असेल तर पाचही जण आधीपासून उजवीकडेच सरकतात, म्हणजे बिंदू हलला तरी तो कुठे हलणार हे लाइनला माहीत असतं. आणि ठरलेलं मोडून निसटायचंच झालं तर वाट पुढची, गार्ड आणि टॅकल यांच्या मधली. तिथून निसटला तर लाइनमन त्याच्या आणि समोरच्यांच्या मध्ये राहतो. मागे पळाला तर मध्ये कुणीच नसतं.

पुढचा सामना पाहताना सॅक झाला की रिप्लेमध्ये दोन गोष्टी बघा. मैदानावर यार्डायार्डाला खुणा असतात, त्यामुळे क्वार्टरबॅक किती मागे पडला ते मोजता येतं. आणि स्नॅपपासून मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. दोनच्या आत आणि ६-७ यार्डांवर पाडला गेला तर बहुतेक वेळा लाइनमधला कुणीतरी हरलेला असतो. तो कोण, हे लगेच दिसेल. चार मोजून झाल्यावर, १२ यार्ड मागे, बाजूच्या रेषेकडे पळताना पडला असेल, तर टॅकलकडे बघा. बऱ्याचदा तो अजून आपल्या माणसाला धरून, ठरलेल्या बिंदूचं रक्षण करत उभा असतो.