इनकन्व्हीनियन्स की न्यूसन्स? नोटीस लिहिण्याआधी एवढं बघा

समजा, घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत टाकी धुवायची आहे. लिफ्टशेजारी नोटीस लागते: शनिवारी सकाळी १० ते दुपारी ३ पाणी बंद. खाली इंग्रजीत शेवटची ओळ, 'वी रिग्रेट फॉर द न्यूसन्स कॉज्ड'. या एका ओळीत दोन चुका आहेत. 'रिग्रेट'नंतर 'फॉर' लागत नाही, ही लहान चूक. मोठी चूक 'न्यूसन्स'ची. टाकी धुणं हे कमिटीचं कामच आहे, पण या शब्दामुळे आपण रहिवाशांना उपद्रव दिला, असं कमिटीच लेखी कबूल करून बसते.

तिथे हवा होता 'इनकन्व्हीनियन्स'. हा शब्द आपल्या 'गैरसोय'सारखाच बांधलेला आहे: सोय, आणि तिच्या आधी नकार. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ एकत्र येणं, जुळणं. म्हणजे एरवी जुळून येणारी गोष्ट थोडा वेळ जुळत नाही, एवढंच. रविवारी मेगाब्लॉकमुळे ठाणे-वाशी गाड्या बंद राहिल्या तर ती गैरसोय. कारण रास्त असतं, मुदत ठरलेली असते, आणि करणारा स्वतः दिलगिरी व्यक्त करतो.

'न्यूसन्स'चं मूळ इजा करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. 'इनोसन्ट' हा शब्दही त्याच मुळाचा, इजा न करणारा. यात कुणीतरी किंवा काहीतरी त्रास देतं, बहुधा पुन्हा पुन्हा, आणि तक्रार ज्याला त्रास होतो तो करतो. म्हणून माणूस न्यूसन्स असू शकतो: 'ही इज अ न्यूसन्स', म्हणजे याचा नुसता ताप आहे. माणसाला इनकन्व्हीनियन्स म्हटलं तर कानाला खटकतं. मराठी राजकारणातलं 'उपद्रवमूल्य' आलं तेही 'न्यूसन्स व्हॅल्यू'वरूनच.

घोळ होतो तो बोलण्यातल्या वापरामुळे. ऐन पावसात छत्री घरी राहिली की इंग्रज 'व्हॉट अ न्यूसन्स!' म्हणतो. इथे शब्द अगदी हलका आहे, आपल्या 'काय कटकट आहे!' इतकाच. कागदावर मात्र तो जड होतो, कारण कायद्याने त्याला धार दिली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २६८ सार्वजनिक उपद्रवाचं होतं; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २७० आहे. त्यातलं एक वाक्य दोन्ही शब्दांची सीमा नेमकी आखतं: त्या कृत्यातून कुणाची काही सोय किंवा फायदा होतो, एवढ्यावर उपद्रव माफ होत नाही.

त्यामुळे रात्री मंडपातल्या लाउडस्पीकरबद्दल पोलीस ठाण्यात अर्ज देताना 'इनकन्व्हीनियन्स' लिहू नका. आपली झोपमोड आपणच किरकोळ ठरवल्यासारखं होतं. 'न्यूसन्स' लिहा, आणि शेजारी तारीख, वेळ, किती रात्री चाललं ते द्या. उघड्यावरच्या लाउडस्पीकरला रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देतं, तेवढं तपासून घ्या.

रस्ता खोदला तर? काम चालू आहे, फलक आहे, तारीख आहे, तोवर गैरसोय. काम संपूनही डेब्रिज गटाराच्या तोंडाशी पडून राहिलं आणि पाणी तुंबायला लागलं की तो न्यूसन्स. आमच्या मते पत्रातला शब्दही त्याच दिवशी बदलावा.

व्याकरणात एक फरक पक्का ठेवा. 'इनकन्व्हीनियन्स' क्रियापद म्हणूनही चालतो: 'सॉरी टू इनकन्व्हीनियन्स यू'. 'न्यूसन्स'चं क्रियापद होत नाही. 'डोन्ट न्यूसन्स मी' चूक, 'डोन्ट बी अ न्यूसन्स' बरोबर. स्पेलिंगमध्ये 'इनकन्व्हीनियन्स'ला व्हीनंतर ई येतो. उच्चार 'व्ही' असल्याने हात आय लिहितो. 'न्यूसन्स'मध्ये यूनंतर आय आहे, पण तो उच्चारात येत नाही.

टाकीच्या नोटिशीखाली मग एवढंच पुरे: 'वी रिग्रेट द इनकन्व्हीनियन्स'. त्याच्या वर मराठीत, 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. शुक्रवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे.'